तशुवा शिकवायची तर खाटकाच्या दुकानातून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक छोटा अभ्यासगट आहे, बहुतेक मंडळी पुण्या-मुंबईची, काही दुबईत, एक जण इस्राएलमध्ये. ज्यू इतिहास आणि विचार यांवर मराठीतून काही ऑनलाइन सत्रं घ्यायची आहेत आणि पश्चात्ताप, म्हणजे तशुवा, हा विषय मध्यभागी ठेवायचा आहे. पण ज्यूंमध्ये इतके देश, इतके पंथ. मग ‘ज्यू धर्म असं सांगतो’ हे म्हणायचं तरी कोणाच्या जोरावर?

कोणाच्याच जोरावर म्हणू नका. ते वाक्य वर्गात वापरायचंच नाही, असा नियम मी बरीच वर्षं पाळत आले आहे. त्याऐवजी ‘तालमूदच्या या पानावर असं आहे’ (तालमूद म्हणजे ज्यू कायद्यावरच्या चर्चा आणि कथांचा मोठा ग्रंथ), ‘मध्ययुगीन पंडित मायमोनिडीसने असा नियम घालून दिला’, ‘अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरांत असं पाळत’ असं बोला. वाक्य लांबतं, पण ऐकणाऱ्याला कोण, कुठे, कधी हे कळतं, आणि मतभेद निघाला की तुमची पंचाईत होत नाही. तो निघणारच.

विषय मात्र उत्तम निवडलात. पश्चात्ताप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चूक करणारा येतो. या परंपरेतल्या कथा आणि निवाडे वाचू लागलं की दिसतं, की निम्म्याहून जास्त डोकं खपवलंय ते समोरच्या बाजूवर: ज्याच्याकडे माफी मागायची तो माणूस, आणि परत आलेल्याला आत घेणारी जमात. सगळी सत्रं या एका धाग्यावर ओवा. इतिहास आपोआप येईल. सक्तीची धर्मांतरं, हकालपट्ट्या, स्थलांतरं झाली की दर वेळी तोच प्रश्न उभा राहिला आहे: परत आलेल्याशी वागायचं कसं?

अब्राहामापासून आजपर्यंतचा आढावा पहिल्या सत्रात घेऊ नका. एक नकाशा दाखवा: गालील, बगदाद, कॉर्डोबा, माइन्झ, कैरो, साफेद, आम्सटरडॅम, गोंदार, कोची, अलिबाग. दहा मिनिटांत उरका आणि थेट मजकुरावर या.

पहिला मजकूर मिश्नामधला. मिश्ना म्हणजे साधारण इ.स. २०० च्या सुमारास गालीलमध्ये संकलित झालेली नियमावली. तिच्यातल्या ‘योमा’ या योम किप्पुरवरच्या, म्हणजे वर्षातल्या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या दिवसावरच्या, प्रकरणाच्या शेवटी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ‘पाप करीन, योम किप्पुर ते धुऊन टाकेल’ असं म्हणणाऱ्याचं पाप योम किप्पुर धूत नाही. आणि माणूस व देव यांच्यामधल्या पापांचं क्षालन तो दिवस करतो, पण माणसामाणसांमधल्या पापांचं करत नाही, जोवर तो समोरच्याची समजूत काढत नाही. पंचवीस तासांचा उपवास केला, छाती पिटली, तरी शेजाऱ्याचा हिशेब तसाच राहतो.

एवढं वाचून झालं की लगेच खाटकाची गोष्ट घ्या. ती त्याच प्रकरणावरच्या तालमूदमध्ये, योमा ८७अ या पानावर आहे. राव हे तिसऱ्या शतकातले बाबिलोनियातले मोठे आचार्य; मूळ नाव आबा. त्यांचं एका खाटकाशी काहीतरी बिनसलेलं असतं. योम किप्पुरची पूर्वसंध्या येते, खाटीक काही येत नाही. राव म्हणतात, मग मीच जातो त्याची समजूत काढायला. वाटेत शिष्य राव हूना भेटतात. ‘कुठे निघालात?’ ‘अमक्याची समजूत काढायला.’ हूना पुटपुटतात, ‘आबा माणूस मारायला निघालेत.’ राव जाऊन खाटकासमोर उभे राहतात. तो बसून जनावराचं डोकं फोडत असतो. मान वर करून बघतो आणि म्हणतो, ‘आबा ना तू? जा, माझं तुझ्याशी काही काम नाही.’ पुन्हा घाव घालतो. हाडाचा तुकडा उडतो, त्याच्या गळ्यात बसतो आणि तो मरतो.

गोष्ट इथेच संपते. तालमूद पुढे निकाल देत नाही. वर्गात मात्र लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, खाटकाला उद्धटपणाची शिक्षा मिळाली. दुसरा म्हणतो, ज्याचं चुकलं नाही त्याने दारात जाऊन उभं राहणं ही नम्रता की दडपण? एवढा मोठा माणूस, सणाची संध्याकाळ, गिऱ्हाईक बघतंय. खाटकाने करायचं काय? हूनांना आधीच काय दिसलं होतं? तुम्ही उत्तर देऊ नका. हीच शांतता तुम्हाला हवी आहे, आणि ऑनलाइन ती सहन करणं प्रत्यक्ष वर्गापेक्षा अवघड असतं. स्क्रीनवर कोणी बोललं नाही की शिकवणारा घाबरून स्वतःच बोलू लागतो. मी अशा वेळी माइक बंद करते.

इथे एक तांत्रिक खाच आहे, ती फार महत्त्वाची. तालमूद वाचायला तुम्ही बहुधा सेफारिया हे संकेतस्थळ वापराल; मूळ मजकूर आणि स्टाइनसाल्झ यांचं इंग्रजी भाषांतर तिथे फुकट आहे. त्या भाषांतरात ठळक अक्षरांत मूळ शब्द असतात आणि साध्या अक्षरांत भाषांतरकाराने अर्थ लागावा म्हणून घातलेली भर. तो उतारा कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की ठळकपणा जातो आणि टीकाच मूळ मजकूर होऊन बसते. या गोष्टीत मूळ अरामी वाक्य एवढंच सांगतं की राव आणि खाटीक यांच्यात काही प्रकरण होतं. चूक खाटकाची, हे अकराव्या शतकातले फ्रान्सचे भाष्यकार राशी सांगतात. अख्खी चर्चा ज्या संदिग्धतेवर उभी आहे तीच एका कॉपी-पेस्टमध्ये पुसली जाते. म्हणून मराठी उतारा स्वतः तयार करा, भर कंसात ठेवा आणि पीडीएफ पाठवा.

दुसरं सत्र मायमोनिडीसचं. तो आधी वाचला तर सगळे वही काढून मुद्दे उतरवतात आणि प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. खाटकानंतर वाचला की प्रत्येक नियमामागे कोणाची तरी अडचण दिसते. बाराव्या शतकात कॉर्डोबात जन्मलेला हा माणूस; अल्मोहाद ही कडवी मुस्लिम राजवट आल्यावर कुटुंबाला गाव सोडावं लागलं, फेझमार्गे शेवटी कैरोजवळच्या फुस्तातला स्थिरावलं. १२०४ साली तो वारला. तशुवेचे नियम त्याने दहा अध्यायांत बांधले. चूक सोडणं, पुन्हा न करण्याचा निश्चय, खंत, आणि तोंडाने कबुली. मनातल्या मनात चालत नाही. पूर्ण तशुवेची त्याची कसोटी तर थेट आहे: तीच संधी पुन्हा समोर आली, अंगात ताकद तीच, मोह तोच, आणि तरीही केलं नाही, तर ती तशुवा. म्हातारपणी जमेनासं झालं म्हणून सोडलं, तर तेही चालतं, पण खालच्या पायरीवर.

समोरच्या माणसाबद्दलचे नियम दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस आहेत. पैसे लुबाडले असतील तर परत करून भागत नाही, समजूत काढावीच लागते. तो ऐकत नसेल तर तीन मित्र घेऊन जा. नाही ऐकलं तर पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही. त्यानंतर त्याला सोडून द्या. आता माफ न करणारा दोषी. तो तुमचा गुरू असेल तर मात्र हजार वेळा जायचं. तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्यावर जायचं आणि तिथे कबुली द्यायची. आणि ज्याच्याकडे माफी मागितली जाते त्याला उलटा हुकूम आहे: क्रूर होऊ नकोस, मनापासून माफ कर.

या शेवटच्या हुकमावर सावध राहा. वर्गात असं कोणीतरी असतंच, बहुधा एखादी बाई, जिला घरच्यांनी आयुष्यभर ‘सोडून दे’ असं ऐकवलेलं असतं. तिच्या कानाला हा नियम तोच जुना उपदेश वाटतो. म्हणून त्याच बैठकीत क्राकोच्या मोशे इसर्लीस यांची टिपणी वाचा. ते सोळाव्या शतकातले, योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरूख’ या संहितेवर अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, बाजूने टिपणं लिहिणारे. ते म्हणतात, माफी मागणाऱ्याच्याच भल्यासाठी ती रोखून धरायची असेल तर धरावी. आणि ज्याने खोटी बदनामी केली त्याला माफ करण्याचं बंधन नाही. सेफार्दी (स्पेनकडच्या ज्यूंची) संहिता आणि अश्केनाझी टिपणी एकाच पानावर छापल्या जातात, हेही सांगा. विविधतेवर वेगळं व्याख्यान लागत नाही, ते पान उघडून दाखवलं की काम होतं. कोंबडी डोक्याभोवती फिरवून पाप उतरवण्याची कापारोत ही प्रथा कारो बंद पाडायला सांगतात आणि इसर्लीस चालू ठेवायला. तेही तिथेच.

तिसऱ्या सत्रात रेश लाकीश. माझ्या अनुभवात हे सत्र सगळ्यात रंगतं, म्हणून त्याला वेळ द्या, हवं तर दोन बैठका. मिश्नाच्या ‘बावा मत्सिया’ या प्रकरणात, जे मुळात देणंघेणं आणि व्यापाराचं आहे, एक नियम येतो: जसं मालात फसवणं मना तसं शब्दाने दुखावणंही मना. उदाहरण दिलंय ते असं, की जो पश्चात्ताप करून परतला त्याला ‘आधी काय करत होतास ते आठव’ असं म्हणू नये. जुनी मढी उकरू नका, असा सरळ कायदा.

आता त्याच प्रकरणात पंचवीसेक पानं पुढे, ८४अ वर, रब्बी (ज्यू धर्मपंडित) योहानान आणि रेश लाकीश यांची गोष्ट आहे. रेश लाकीश दरोडेखोर होता. योहानानने त्याला वळवला, शिकवला, बहीण दिली, आणि तो तोडीस तोड विद्वान झाला. एके दिवशी पाठशाळेत वाद चालू असतो: तलवार, सुरी, खंजीर, भाला हे शुद्धाशुद्धतेच्या नियमाला कधीपासून लागू होतात, म्हणजे ते ‘तयार’ कधी म्हणायचे? योहानान म्हणतो भट्टीतून निघाल्यावर, रेश लाकीश म्हणतो पाण्यात पाजल्यावर. योहानान टोला मारतो: ‘दरोडेखोराला त्याची हत्यारं बरोब्बर ठाऊक!’ रेश लाकीश विचारतो, ‘मग तू माझं काय भलं केलंस? तिथेही मला गुरू म्हणत, इथेही म्हणतात.’ योहानान दुखावतो. रेश लाकीश आजारी पडतो. बहीण रडत येते, भाऊ बधत नाही. रेश लाकीश मरतो.

मग योहानान खचतो. त्याच्या जोडीला दुसरा विद्वान देतात. तो प्रत्येक वाक्याला पाठिंब्याचं वचन काढून दाखवतो. योहानान चिडतो: लाकीशचा पोर (म्हणजे रेश लाकीश) माझ्या एका विधानावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, त्यातून विषय मोकळा व्हायचा, मी बरोबर आहे हे मला माहीत नाही का? ‘लाकीशच्या पोरा, कुठे आहेस’ असं ओरडत तो वेडा होतो आणि मरतो.

ज्या प्रकरणात नियम, त्याच प्रकरणात तो मोडणारा सर्वांत मोठा आचार्य. आणि मनापासूनच्या तशुवेने जुनी पापंसुद्धा पुण्यात जमा होतात, हे वचन तालमूदमध्ये ज्याच्या नावावर आहे तो रेश लाकीशच. हे तुम्ही सांगू नका, दोन्ही उतारे शेजारी ठेवा. कोणीतरी पकडतंच.

इथून इतिहासात उडी मारणं सोपं जातं. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला माइन्झचे रब्बेनू गेर्शोम यांनी आदेश काढला, की सक्तीने ख्रिस्ती होऊन परत आलेल्यांना जो त्यांचा भूतकाळ ऐकवेल त्याच्यावर बहिष्कार. मिश्नातला सौजन्याचा नियम इथे जमातीचा कायदा झाला, कारण दुखावणाऱ्यांची संख्या तेवढी असणार. पुढे स्पेनमध्ये १३९१ च्या दंगली, १४९२ ची हकालपट्टी, १४९७ साली पोर्तुगालमधला सक्तीचा बाप्तिस्मा. हजारो माणसं बाहेरून ख्रिस्ती म्हणून जगली आणि संधी मिळताच तुर्की सुलतानाच्या मुलखात येऊन ज्यू झाली. त्यांच्या मनात भीती होती: एवढी वर्षं पाळलं नाही, त्याची दैवी शिक्षा टळेल कशी?

१५३८ साली गालीलमधल्या साफेदला याकोव बेराव यांनी एक धाडसी उपाय काढला. प्राचीन पद्धतीची गुरुदीक्षा, जी शतकानुशतकं खंडित होती, ती पुन्हा सुरू करायची, म्हणजे अधिकृत न्यायपीठ तयार होईल, ते फटक्यांची शिक्षा देईल आणि पश्चात्तापी सुटतील. दीक्षा मिळालेल्यांत योसेफ कारोही होते. जेरुसलेमच्या लेवी इब्न हबीब यांनी कडाडून विरोध केला. तुम्हाला असा अधिकार नाही, आणि तशुवेला फटक्यांची गरज नाही. वाद पेटला आणि बेराव यांनी नको ते काढलं: लेवींना पोरवयात पोर्तुगालमध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिला गेला होता, त्याचा टोमणा मारला. परतलेल्यांसाठी झटणारा माणूस स्वतःच योहानानच्या वळणावर गेला. लेवींनी उत्तर दिलं की त्या वेळी माझं वय लहान होतं, नाव बदललं असेल पण मन बदललं नाही. हा पत्रव्यवहार सारांशाने सांगितला तरी वर्ग गप्प होतो.

कठोर प्रायश्चित्ताचा प्रवाह फार लांबवू नका, पण गाळूही नका. ऱ्हाइनच्या काठी वर्म्सला, मायमोनिडीसच्याच आगेमागे, एलाझार आणि त्यांचे साथीदार पापाच्या मापाने उपवास आणि बर्फात बसणं सुचवत होते. त्याच्या शेजारी मिश्ना तानीतमधलं वाक्य ठेवा: बायबलमधल्या निनवे शहराच्या पश्चात्तापी लोकांबद्दल ‘देवाने त्यांचं गोणपाट आणि उपवास पाहिले’ असं लिहिलेलं नाही, ‘त्यांची कृत्यं पाहिली’ असं आहे. योम किप्पुरच्या दुपारी सिनेगॉगमध्ये योना या संदेष्ट्याची गोष्ट वाचतात, ती हीच.

आता ज्यांच्याकडे तालमूद नव्हताच त्यांचं काय? माझ्या मते तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. इथिओपियाच्या बेता इस्राएलांनी राव आणि खाटीक ऐकलेच नव्हते. योम किप्पुरनंतर पन्नासाव्या दिवशी त्यांचा सिग्द असतो: इथिओपियात उपवास करून सगळी जमात डोंगर चढत असे, त्यांचे धर्मगुरू गीझ या जुन्या भाषेतल्या ओरितमधून, म्हणजे त्यांच्या बायबलमधून, वाचत आणि अख्ख्या समाजाच्या वतीने कबुली दिली जाई. २००८ पासून इस्राएलमध्ये तो राष्ट्रीय सण आहे. आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांकडेही शतकानुशतकं हिब्रू ग्रंथ नव्हते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली योम किप्पुर पाळत तो ‘दारफाळणीचा सण’ म्हणून. दारं लावून, पांढरे कपडे घालून, कोणाशी संपर्क न ठेवता कडक उपवास. दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडे जाणंयेणं. हाईम शमुएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे लिहून ठेवलं. तुमच्या गटात इस्राएलमधलं जे कोणी आहे, त्यांच्या घरात आजी असेल तर तिला बोलतं करा. ती कुठल्याही पीडीएफपेक्षा भारी पडेल.

याच जमातीवर शेवटचं सत्र ठेवा. १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश काढले. कोकणातून, मुंबईतून ज्यू म्हणून गेलेल्या माणसांना लग्नाच्या नोंदणीच्या टेबलावर ‘तुम्ही नक्की ज्यू का?’ असं विचारलं जाऊ लागलं. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्राएलच्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि रब्बीमंडळाने निर्देशांतून त्यांचं नाव काढलं. कोचीच्या परदेशी सिनेगॉगमध्येही एका गटाला दुय्यम वागणूक मिळे, ए. बी. सालेम यांनी तिथे सत्याग्रहाचा मार्ग धरला होता. पाप बेने इस्राएलांचं नव्हतं, हे वर्गाला आधीच स्पष्ट सांगा. तशुवा कोणी करायची, हा प्रश्न आहे. मायमोनिडीसच्या चार अटी (सोडणं, निश्चय, खंत, कबुली) फळ्यावर लिहा आणि एकेक लावून बघायला सांगा. नाव काढणं म्हणजे कृती सोडणं झालं. तोंडाने कबुली? मला ती त्या शब्दबदलात दिसत नाही. कोणी म्हणेल, संस्थेला खंत वाटते का कधी? तर बायबलच्या लेवीय ग्रंथात अख्ख्या मंडळीने चुकून केलेल्या पापाचा यज्ञ सांगितला आहे, आणि योम किप्पुरची कबुली ‘आम्ही’ अशी अनेकवचनीच असते. वाद चालू द्या.

शोआबद्दल, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल, कोणीतरी विचारेल: मेलेल्यांच्या वतीने माफ कोण करणार? ‘समोरच्याची समजूत’ हा नियम शब्दशः धरला तर कोणीच नाही. दहा माणसांसह थडग्यावर जाण्याचा नियम तिथे पुरतो का, हा प्रश्न तसाच ठेवा. घाईने मिटवू नका. आणि गाझातल्या युद्धाबद्दलचा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. त्याला टाळू नका, त्याच्यासाठी स्वतंत्र बैठक जाहीर करा, नाहीतर प्रत्येक सत्र तिकडेच जाईल.

पद्धतीबद्दल थोडं. ज्यू पाठशाळेची जुनी रीत म्हणजे हावरुता, दोघांनी मिळून मोठ्याने वाचणं आणि भांडणं. झूमच्या छोट्या खोल्यांमध्ये ती छान जमते, फक्त दोघांचेच गट करा. तिसरा आला की तो श्रोता होतो. उतारा एक पानाचा, ओळींना आकडे, वेळ पंधरा-वीस मिनिटं. तुमचं बोलणं तेवढंच. गोष्ट सांगताना मात्र संकोच नको. बेने इस्राएलांनी एकोणिसाव्या शतकात बायबलमधल्या चरित्रांवर मराठीतून कीर्तनं केली आहेत. आधी वचन, मग आख्यान हा क्रम रेश लाकीशला चपखल बसतो. ज्या बैठकीत माणसं स्वतःच्या माफीबद्दल बोलू लागतात तिचं रेकॉर्डिंग बंद ठेवा, आणि कोणाला बोलायचा आग्रह करू नका.

वेळ रविवारी रात्री साडेआठची धरा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळणारे येणार नाहीत; रविवारी इस्राएलमध्ये कामाचा दिवस असतो, पण आपले साडेआठ म्हणजे तिथे हिवाळ्यात पाच, उन्हाळ्यात सहा, आणि दुबईत सात. सत्रं योम किप्पुरच्या आधीच्या एलूल महिन्यात घ्यायचा मोह होईल, कारण तो तशुवेचाच महिना. पण दोन्ही पंचांगं चांद्र-सौर असल्याने एलूल बहुतेक वेळा आपल्या भाद्रपदाशी जुळतो. २०२४ आणि २०२५ मध्ये तर दसरा आणि योम किप्पुर एकाच दिवशी आले. गणपतीत निम्मा गट गायब असतो. श्रावणात सुरू करा, म्हणजे शेवटची बैठक गौरी-गणपतीच्या आधी उरकेल.